जोडीची सही

वन्सं जेवायच्या उभ्यानं. ताट ओट्यावर आणि एक पाय दाराकडे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पहिल्याच दिवशी मी सासूबाईंना विचारलं, "या कुठं निघाल्यात का?" सासूबाई म्हणाल्या, "कुठं जातेय. ती अशीच आहे. जन्मालासुद्धा पंधरा दिवस आधी आली, सुईणीचं जेवण अर्धं राहिलं."

माझ्या यजमानांची ही धाकटी बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तरी नणंदेचा मान म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. त्या मला वहिनी म्हणायच्या आणि अगंतुगं करायच्या. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा ट्रक चालवायचा, स्वभावानं गरीब. सहा वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. वन्सं एक ट्रंक घेऊन परत आल्या आणि ती खाली ठेवायच्या आधीच मला म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या कारखान्यात जागा आहे का?" रडणं वगैरे नंतर केलं असेल, मला दिसलं नाही. खोल्या दोन आणि माणसं सात, रडायला जागा कुठं होती.

माझा कारखाना म्हणजे मोज्यांचा. मी पॅकिंगला होते. वन्संना जोडीखात्यात घेतलं. यंत्रातून मोजा पडतो तो एकटा पडतो. कुणी बोटभर लांब, कुणी रंगाला किंचित फिका. त्यांच्या जोड्या लावायच्या म्हणून लांबलचक खोलीत चाळीस टेबलं, आणि एकेका टेबलाला दोन बायका. एकीनं मोजा लाकडी पावलावर चढवून ताणायचा, दुसरीनं ढिगातून त्याच्या मापाचा नि रंगाचा दुसरा शोधायचा. वन्सं चढवायच्या. शोधायला होती ती सावकाश.

तिला सगळा कारखाना सावकाश म्हणायचा, तोंडावरसुद्धा. प्रत्येक मोजा ती खिडकीच्या उजेडाला धरून बघायची. वन्संचे चार पावलांवर चढवून झालेले असायचे आणि हिचा अजून पहिल्याचाच विचार चाललेला.

"अगं मोजा आहे तो, जावई नाही," वन्सं म्हणायच्या.

"जावई चुकला तर मुलगी निभावून नेते. मोजा चुकला तर पेटी परत येते," ती म्हणायची.

त्यांच्या टेबलाची पेटी कधी परत आली नाही, आणि ते काही एकीच्याच हातचं नव्हतं.

संध्याकाळी दर टेबलाची एक चिठ्ठी असायची. दोघींची हजेरी, दिवसभराच्या पेट्या, आणि खाली सही. सही एकीनंच करायची, दोघींच्या नावानं. असा नियम कुणी लिहिलेला नव्हता, फाटकापाशी खोळंबा होऊ नये म्हणून पडलेली रीत होती. त्या टेबलाची सही अर्थातच वन्सं करायच्या. सावकाशनं केली असती तर सगळ्यांची बस गेली असती.

दुसरी एक रीत वाईट होती. जोडीतली एक आली नाही, तर दुसरीलाही फाटकावरून परत पाठवायचे. अर्धी जोडी काय कामाची, असं सुपरवायझर म्हणायचा. त्या दिवसाचा पगार गेला. मूल तापानं फणफणलेलं असलं तरी बाई कामावर यायची, कारण घरी राहिली तर शेजारणीच्या पोटावर पाय.

सावकाशची सासू अंथरुणाला खिळली तेव्हा सावकाश घरी राहिली. वन्सं पहिल्या दिवशी परत आल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. घरात त्यांना करायला काही नाही. त्यांनी डबे घासले, खिडक्या पुसल्या, घासलेले डबे परत घासले. नवव्या दिवशी फाटकावरून निघाल्या त्या तडक सावकाशच्या खोलीवर गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुझ्या सासूला जायला मुहूर्त लागतोय का गं?"

म्हातारी आत पूर्ण शुद्धीवर होती. दुसऱ्या दिवशी गेली.

मला हे वन्संनीच सांगितलं, ओट्याकडे तोंड करून. मी म्हटलं, "जाऊन माफी मागा." "मागेन," म्हणाल्या. मागितली नाही. त्यानंतर तीन वर्षं दोघी त्याच टेबलाला कोपराला कोपर लावून बसल्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. हात मात्र पहिल्यासारखेच चालायचे. नवा सुपरवायझर आला, तो इतरांना सांगायचा, या दोघींकडून शिका, कामाच्या वेळी गप्पा नाहीत.

अर्ध्या जोडीची ती रीत वन्संच्या डोक्यात गेली ती तेव्हाच. मशीनखात्यातला एक फिटर युनियन उभी करत होता. सभ्य मुलगा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायचा. वन्संनी त्याला बघायला शिकवलं. दर महिन्याला चार-पाच जण मॅनेजरकडे जायचे आणि बोलायच्या वन्सं. मॅनेजर कधी चिडायचा नाही. तो विचारायचा, "बाई, तुम्ही कुणाच्या वतीनं बोलताय?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांनी तुम्हाला सांगितल्याचं मला तरी दिसत नाही. मी एकेकीशी बोलायला केव्हाही तयार आहे."

मग तो खरंच एकेकीला बोलवायचा. एकेकटी गेलेली बाई चहा पिऊन, काही तक्रार नाही असं लिहून देऊन यायची. मीही एकदा आले आहे. चहा चांगला होता.

अशी दोन वर्षं गेली आणि कायदा आला. आला म्हणजे कुठल्यातरी मोठ्या इमारतीत झाला आणि फिटरच्या खिशातून घडी घातलेल्या कागदानं आमच्यापर्यंत पोचला. ज्या युनियनमागे निम्म्याहून जास्त कामगार, तिला सरकारची मान्यता. मान्यता मिळाली की मालकाला तिच्याशी समोर बसून बोलावंच लागणार, मर्जी असो वा नसो. आम्ही सगळे मिळून एकशे नव्वद. म्हणजे शहाण्णव सह्या हव्यात. अर्ज फेटाळला गेला तर पुढची दोन वर्षं तोंड उघडायचं नाही.

बोलणीला युनियनचे पाच जण बसणार होते, त्यात जोडीखात्याची एक. ती एक कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. वन्संनी त्या खुर्चीची तयारी घरीच चालवली होती. ओट्यापाशी उभ्यानं जेवता जेवता त्या मॅनेजरशी बोलायच्या, आणि मॅनेजर व्हायचे आमचे हे. "बाई, तुम्ही कुणाच्या वतीनं," हे म्हणायचे, आणि वन्सं त्यांच्यावर पळी रोखायच्या. हे बिचारे रोज घास हातात धरून हरायचे. एकदा म्हणाले, "आज मला युनियन करा, हिला मॅनेजर करा." वन्सं म्हणाल्या, "दादा, तुला नाही जमायचं, तुला लगेच पटतं."

फॉर्म वाटले, आठ दिवसांत गोळा झाले. फिटरनं नावं मोजली, एकशे बत्तीस. अर्ज गेला. शुक्रवारी कामगार खात्याचे साहेब तपासणीला आले. तरुण होते, आवाज मऊ. कॅन्टीनच्या टेबलावर त्यांनी फॉर्मांचे दोन गठ्ठे केले. एकावर हात ठेवून म्हणाले, "हे बावन्न ठीक आहेत. हे चाळीस काय आहेत? दोन-दोन नावं आणि सही एक?"

जोडीखात्याचे फॉर्म होते ते. चाळीसच्या चाळीस टेबलांनी चिठ्ठीसारखा एकेक फॉर्म भरला होता आणि दोघींच्या नावाखाली एकीनं सही ठोकली होती. ऐंशी बायकांमधल्या एकीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. फिटर मशीनखात्यातला, त्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्यानं नावं मोजली होती, सह्या नाही.

"दुसरीनं सही करायला सांगितलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात," वन्सं म्हणाल्या, "जोडी आहे."

"बाई, कायदा जोडीला ओळखत नाही. एकेका माणसाला ओळखतो."

चाळीस फॉर्म बाद. शहाण्णव हवेत आणि हातात बावन्न. साहेबांनी सोमवारी अकरापर्यंत मुदत दिली. देताना घड्याळ बघितलं, तेही वन्संना आवडलं नाही.

मग जी पळापळ झाली ती काय सांगू. जोडीखात्यातल्या बायका गावभर विखुरलेल्या. कुणी पुलापलीकडे, कुणी डेपोमागे, कुणाचं घर म्हणजे दुकानामागची खोली. फिटर सायकलवर, वन्सं पायी, मी त्यांच्यामागे धापा टाकत. आमच्या आधी कारखान्याचा स्टोअरवाला पोचलेला असायचा. मॅनेजरच्या आशीर्वादानं त्याचं एक कामगार मंडळ होतं, वर्षाला एक भिंतीवरचं घड्याळ वाटायचं. तो दारोदार सांगत होता, "तुमच्या नावावर दुसरीनं सही केली. आज फॉर्मावर केली, उद्या घराच्या कागदावर करील." बायका बिथरल्या. काहींनी त्याच्या यादीत नाव दिलं. काहींनी आम्हाला बघून दार लावलं. काहींनी मात्र दारातच सही केली, मूल काखेत, फॉर्म भिंतीला टेकवून. वन्संना दोन रात्री झोप नव्हती. सकाळी उठून बघते तर त्या चपला घालून बसलेल्या.

रविवारी दुपारी तीनला आम्ही फिटरच्या जिन्यात बसून फॉर्म मोजले. त्यानं तीनदा मोजले. पंचाण्णव.

"राहिलंय कोण?" मी विचारलं.

फिटर वन्संच्या खांद्याकडे बघायला लागला. म्हणाला, "ताई, तुमची जोडीवाली. बाकीच्या एकतर तिकडे गेल्या, नाहीतर दार उघडत नाहीत. त्यांनी उघडलं. पाणीही दिलं. म्हणाल्या, जिनं माझी सही केली तिला पाठवा."

सावकाशची खोली तिसऱ्या मजल्यावर. वन्सं एरवी जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घ्यायच्या. त्या दिवशी माझ्या मागे राहिल्या. दार उघडंच होतं. सावकाश खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती, आणि दाणे एकेक करून बघत होती हे सांगायला नकोच.

"बसा," ती मला म्हणाली. वन्संकडे बघितलं नाही.

मी बसले. वन्सं उभ्या.

"वहिनी, तिला सांग, उद्या अकरापर्यंतच मुदत आहे."

"तुमच्या नणंदेला सांगा, मला घड्याळ कळतं."

"वहिनी, तिला विचार, सही करायची आहे का नाही."

"त्यांना विचारा, मागच्या खेपेला विचारलं होतं का."

मी मध्ये बसून शेंगा सोलायला घेतल्या. मला काही सांगायची गरज नव्हती, खोली आठ फुटांची होती. पण माझी अडचण दोघींनाही होत नव्हती, उलट सोयच होत होती.

शेवटी वन्संना राहवलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या थेट तिच्याशी बोलल्या. "अगं रोज मीच करते ना सही. अकरा वर्षं. तेव्हा नाही कधी काही म्हणालीस."

सावकाशनं हातातली शेंग खाली ठेवली. "चिठ्ठी पेट्यांची असते. पेट्या दोघींनी केलेल्या असतात. फॉर्म माझ्या मनाचा होता. तो तू एकटीनं भरलास."

"तू काय नाही म्हणणार होतीस?"

"हो म्हणणार होते."

"मग झालं तर."

"फॉर्म टेबलावर आला तेव्हा मी हात पुसत होते. हात पुसून होईपर्यंत तू सही करून परत दिलास." ती थांबली. वन्संनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं. "मॅनेजर आपल्याला न विचारता आपलं ठरवतो, हे तू दोन वर्षं दारोदार सांगतेस. तू काय केलंस?"

वन्सं दाराबाहेर गेल्या. जिना उतरल्याचा आवाज आला, खालपर्यंत.

"गेली का?" सावकाशनं मला विचारलं.

"येतील. त्या अशाच विचार करतात."

पावलं वर आली, परत खाली गेली, परत वर आली. वन्सं दारात उभ्या राहिल्या, कपाळावर घाम.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "काय पाहिजे तुला?"

"सही करते. पण बोलणीला मी बसणार. आपल्या खात्याची खुर्ची माझी."

"तू? तुला एक वाक्य संपवायला..." वन्संनी उरलेलं गिळलं.

"हो, मीच. तू बसलीस की सगळ्यांचं तूच बोलशील. मला तिथं सगळ्यांचं घेऊन जायचंय."

मी वाटाण्यांच्या भांड्यात बघत राहिले. घरातला तो ओटा, ती रोखलेली पळी, दोन वर्षं तोंडपाठ केलेली उत्तरं, हे सगळं मला माहीत होतं. नवरा गेल्यानंतर त्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ती एक खुर्ची. आता भडकतात, असं मला वाटलं. पुढची दोन वर्षं गेली, असंही वाटलं.

"पाणी दे जरा," वन्सं म्हणाल्या. उभ्यानंच प्यायल्या. पेला खिडकीत ठेवला. "बस तू."

त्यांनी फॉर्म काढून दिला. मग जायच्या बेतात असल्यासारखं दाराकडे बघत म्हणाल्या, "आणि ते, तुझ्या सासूबाईंना मी जे बोलले..."

"ते यात घालू नकोस. ते वेगळं आहे. ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस," वन्सं म्हणाल्या.

सावकाशनं आधी फॉर्म वाचला. सगळा, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मग सही केली. माझ्या चार शेंगा सोलून झाल्या. एवढा वेळ वन्सं दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या होत्या, आणि धरलेच होते म्हणून ते जागेवर राहिले.

सोमवारी साहेबांनी जोडीखात्यातल्या एकेकीला कॅन्टीनमध्ये आत बोलावून विचारलं, ही सही तुमची तुम्हीच केली का, कुणी जबरदस्ती केली का. बायका दोन-दोन मिनिटांत बाहेर यायच्या. सावकाश अर्धा तास आत. वन्सं बाहेर येरझारा घालत होत्या. "काय सांगतेय एवढं," म्हणत होत्या. "तिला हो किंवा नाही एवढंच म्हणायचंय." फिटर नखं खात होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं. फक्त सगळं सांगितलं."

अकराला दहा कमी असताना साहेबांनी आकडा वाचला. शहाण्णव. फिटर होता तिथंच खाली बसला. महिन्याभरानं शिक्क्याचा कागद आला आणि मॅनेजरला बुधवारची वेळ द्यावी लागली.

पहिल्या बुधवारी सावकाश चौघा पुरुषांबरोबर आत गेली आणि सुपरवायझर वन्संच्या टेबलाशी आला. म्हणाला, "तुमची जोडी आत आहे. तुम्ही घरी जा." वन्संना हसावं की रडावं कळेना. त्या घरी गेल्या नाहीत. फाटकाच्या आतल्या बाजूला तीन तास फेऱ्या मारत राहिल्या. रखवालदार म्हणाला, बाई, जमीन खचेल.

सावकाश बाहेर आली. "काय झालं?" वन्संनी धावतच विचारलं.

"त्यानं विचारलं, कुणाच्या वतीनं. मी कागद ठेवला. मग तो गप्प बसला. बराच वेळ बसला. मीही बसले. मला काही घाई नव्हती."

"आणि?"

"पुढच्या बुधवारी परत."

"म्हणजे काहीच झालं नाही."

"झालं की. त्यानं परत बोलावलं."

घरी आल्यावर वन्संनी आमच्या ह्यांच्यावर तासभर राग काढला. मी असते तर पहिल्याच दिवशी, असं त्यांचं वाक्य सुरू व्हायचं. अर्ध्या जोडीची रीत पुढं सातव्या बुधवारी गेली. दर आठ टेबलांमागे एक जादा बाई ठेवायचं ठरलं. बाकी बरंच मिळालं नाही. ते सगळं कागदावर आहे, ज्याला हवं त्यानं बघावं. माझ्या डोळ्यांपुढून जात नाही तो दुसरा बुधवार.

त्या दिवशी मी पेट्या न्यायला जोडीखात्यात गेले होते. बोलणीला अजून अवकाश होता. सावकाश उठली, आणि आत जायच्या आधी एकेका टेबलाशी थांबायला लागली. दोघींना वेगवेगळं विचारायची, तुझं काय सांगू, आणि तुझं? चाळीस टेबलं. बायका आधी हसल्या, मग बोलायला लागल्या. कुणाला उजेड कमी होता, कुणाची पाठ जात होती, एकीला फक्त खिडकी उघडी हवी होती. सावकाश वहीत लिहून घ्यायची, तिच्या अक्षरात, तिच्या वेगानं. वन्सं मोज्यावर मोजा चढवत होत्या. समोर लाकडी पावलांची रांग भरून गेली, काढायला कुणी नाही. दारात फिटर घड्याळ दाखवत होता.

सगळ्यात शेवटी ती स्वतःच्या टेबलाशी आली. वही उघडून म्हणाली, "तुझं काय सांगू?"

दोन वर्षांची भाषणं त्या बाईच्या ओठावर होती. वन्संनी तोंड उघडलं. मिटलं. पावलावर चढवलेला मोजा काढला, हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं सगळ्यांचं बोलताना, तुझं एकटीचं काय, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला जरा विचार करू दे."

ऑफिसचा शिपाई दारात येऊन दोनदा हाक मारून गेला. सावकाश वही उघडी धरून तशीच उभी राहिली.